पथ्य पाळले किती, हे कसे मोजावे?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना वाटेल की, रक्तातील कोलेस्टेरॉल हा डॉक्टरांचा प्रांत, त्यावर आपल्या मेळाव्यात बोलण्यासारखे काय आहे? परंतु हृदयविकार हा आता शहरातल्या शेठजींचा रोग उरलेला नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे ज्याला आपण अजूनही सवयीने नगर जिल्हा म्हणतो तेथे, पन्नाशीच्या आतल्या कर्त्या माणसाला छातीत कळ आली आणि घर बसले, असे प्रसंग प्रत्येक तालुक्यात ऐकू येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, वीस वर्षांवरील दर शंभर भारतीयांपैकी सुमारे ८१ जणांच्या रक्तातील स्निग्ध पदार्थांचे प्रमाण या ना त्या प्रकारे बिघडलेले आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या चुलीपर्यंत आलेला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

आमचा आजचा मुद्दा मात्र 'काय खावे' हा नाही. काय खावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. आमचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. सांगितलेले पथ्य माणसाने खरोखर पाळले किती, हे कसे ओळखावे? डॉक्टर विचारतात, 'पथ्य पाळता ना?' आपण मान हलवून म्हणतो, 'पाळतो.' येथेच सगळे फसते. गोळी घेतली की नाही हे पाकिटावरून कळते. पथ्याचे पाकीट नसते.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगतो. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. राजा द्रोणभर भात जेवत असे आणि जेवल्यावर धापा टाकीत भगवंतांकडे येत असे. भगवंतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. मात्रेने जेवणाऱ्याचे शरीर हलके राहते, या अर्थाचे थोडे शब्द त्यांनी उच्चारले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ते शब्द पाठ करावयास सांगितले आणि आपण जेवावयास बसलो की ते म्हणत जा, रोज शंभर कार्षापण देईन, असे ठरविले. अट्ठकथेत आणखी एक बारकावा येतो. राजा शेवटचा घास घेऊ लागला की सुदस्सनाने ते शब्द म्हणावयाचे, राजाने तो घास ठेवून द्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच तांदूळ कमी शिजवावयाचा. असे करता करता राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

या कथेकडे आम्ही मोजमापाच्या दृष्टीने पाहतो. तिच्यात चार गोष्टी आहेत. एक, माप ठरलेले आहे: द्रोण आणि नाळी. दोन, आठवण देणारा माणूस ताटाजवळ बसलेला आहे. तीन, उरलेला घास हाच पुरावा आहे. राजाच्या तोंडी उत्तरावर काही अवलंबून नाही. चार, बदल एका दिवसात न करता घासाघासाने केलेला आहे. आजचे आहारशास्त्र पथ्यपालन मोजताना याच चार गोष्टींभोवती फिरते.

आता आजचे शास्त्र पाहू. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी कोलेस्टेरॉल उतरविणारे निरनिराळे वनस्पतिजन्य पदार्थ एका आहारात एकत्र आणले. त्याला 'पोर्टफोलिओ आहार' असे म्हणतात. त्याचे मुख्य खांब चार. दिवसाला साधारण दोन हजार कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी त्यांची मापे अशी: सोयाबीन व डाळी-कडधान्यांतील प्रथिने सुमारे ५० ग्रॅम, बदाम, शेंगदाणे यांसारखा सुकामेवा सुमारे ४५ ग्रॅम, म्हणजे एक मूठ, पाण्यात बुळबुळीत होणारे तंतू २० ग्रॅम, आणि वनस्पती स्टेरॉल २ ग्रॅम. पुढे त्यात वनस्पतिजन्य चांगल्या तेलांचीही भर पडली. याबरोबर तूप, साय, चरबीयुक्त मांस अशा संपृक्त स्निग्धांना कात्री लावावयाची.

हे पदार्थ काम कसे करतात? बुळबुळीत तंतू आतड्यातील पित्ताम्ले धरून शरीराबाहेर नेतात. मग नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. वनस्पती स्टेरॉल कोलेस्टेरॉलसारखेच दिसतात. आतड्याच्या दारात ते त्याची जागा अडवितात. संपृक्त स्निग्ध कमी झाले की यकृत रक्तातील एलडीएल अधिक जोमाने उचलते. प्रत्येक पदार्थाचा परिणाम थोडा असतो. सर्वांची बेरीज मोठी होते.

किती मोठी? २००३ साली या गटाने ४६ जणांवर एक महिन्याचा प्रयोग केला. सगळे अन्न त्यांना मोजून-मापून पुरविले होते. पोर्टफोलिओ आहार घेणाऱ्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल २८.६ टक्के उतरले. लोव्हास्टॅटिन ही गोळी घेणाऱ्यांचे ३०.९ टक्के, आणि केवळ कमी संपृक्त स्निग्धांचा आहार घेणाऱ्यांचे ८ टक्के. म्हणजे ताट जवळजवळ गोळीच्या बरोबरीला आले!

परंतु मित्रहो, पुढचा भाग नीट ऐका. २०११ साली ३५१ जणांच्या प्रयोगात हाच आहार सहा महिने केवळ सल्ल्याने दिला गेला. अन्न पुरविले नाही. माणसे आपल्या घरी, आपल्या पैशाने जेवली. तेव्हा घट सुमारे १३ ते १४ टक्के झाली. आहार तोच होता. काही फरक प्रयोगांच्या रचनेतला असेल, पण मोठा फरक पाळण्यात होता. घरी परतलेल्या माणसांनी ठरलेल्या मापाच्या निम्मेसुद्धा पथ्य सरासरीने पाळले नव्हते. त्यातही ज्यांनी जास्त पाळले त्यांचे कोलेस्टेरॉल जास्त उतरले. आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. एका गटाला सहा महिन्यांत सात वेळा बोलाविले होते, दुसऱ्याला फक्त दोन वेळा. दोघांचा फायदा जवळजवळ सारखाच झाला. म्हणजे दवाखान्याच्या खेपा वाढवून पथ्य वाढतेच असे नाही.

त्याआधी, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वर्षाच्या पाहणीत सहासष्ट जणांपैकी सुमारे एकतृतीयांश माणसांनी एलडीएल २० टक्क्यांहून अधिक उतरविले. त्यांनी बदाम खाणे सर्वांत चांगले पाळले, सोयाबीन सर्वांत कमी. यात मनुष्यस्वभाव दिसतो. जे मुठीत घेऊन तोंडात टाकता येते ते पाळले जाते. ज्यासाठी रोजचा स्वयंपाक बदलावा लागतो ते मागे पडते.

मग पथ्यपालन मोजतात कसे? रीती मुख्यत: चार आहेत.

पहिली, चोवीस तासांची आठवण. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय खाल्ले ते विचारून लिहावयाचे. आपल्या देशात १९७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण केंद्राने अनेक राज्यांतील खेड्यांत याच रीतीने, ठरलेल्या मापाच्या वाट्या दाखवून पाहण्या केल्या. महाराष्ट्र त्यांपैकी एक राज्य होते. दुसरी, नोंदवही: तीन किंवा सात दिवस, खाल्ले की लगेच लिहावयाचे. तिसरी, वारंवारितेची प्रश्नावली: आठवड्यातून किती वेळा उसळ, किती वेळा तळण. चौथी, रक्ततपासणी.

या चारही रीतींत खोट आहे आणि ती विद्यार्थ्यांनी समजून घेतली पाहिजे. आठवण एकाच दिवसाची असेल तर तो दिवस बाजाराचा होता की उपासाचा, जत्रेचा की हुरड्याचा, यावर सगळे उत्तर बदलते. म्हणून किमान तीन दिवस घ्यावेत आणि त्यांत एक दिवस आठवडे बाजाराचा असावा. नोंदवहीत दुसरी गंमत होते: लिहावे लागते म्हणून माणूस त्या आठवड्यात शहाण्यासारखे जेवतो. प्रश्नावलीत विचारणाऱ्याला जे आवडेल ते उत्तर मिळते. आणि रक्त परिणाम सांगते, पालन सांगत नाही. काही घराण्यांत जन्मत:च एलडीएल फार चढलेले असते. असा माणूस काटेकोर पथ्य पाळूनही आकडा फारसा उतरवू शकत नाही. त्याला 'तू चोरून खातोस' म्हणणे हा अन्याय आहे.

आम्ही स्वत: हे करून पाहिले. एका कुटुंबाला आम्ही विचारले, 'तेल किती वापरता?' घरातील पुरुष म्हणाले, 'अगदी बेताचे.' ते खोटे बोलत नव्हते. त्यांना माहीतच नव्हते. मग आम्ही घरातील माउलीला विचारले, 'महिन्याला डबा किती लागतो?' ती म्हणाली, 'चार किलो.' माणसे पाच. चार हजार ग्रॅमला आधी पाचाने आणि मग तीस दिवसांनी भागले. माणशी रोज जवळजवळ २७ ग्रॅम तेल निघाले, आणि त्यात बाहेरची भजी धरलेली नव्हती. त्या दिवशी आम्ही दोन धडे शिकलो. जो खातो त्याला विचारू नये. जी शिजवते तिला विचारावे. आणि मत विचारू नये, डबा विचारावा. पुढे असेही ध्यानात आले की ती माउली सर्वांच्या शेवटी जेवते, आणि तोवर उसळीच्या पातेल्यात केवळ रस्सा उरलेला असतो. घराची सरासरी तिच्या ताटाला लागू पडत नाही. म्हणून तिची नोंद वेगळी घेतली पाहिजे.

आता प्रश्न असा की, टोरांटोचे माप नगरच्या ताटाला लावता येईल काय? आमचे उत्तर: खांब घ्यावेत, वस्तू आपल्या घ्याव्यात. आपल्या जिल्ह्याचे दोन चेहरे आहेत. उत्तरेस राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर हा पाटपाण्याचा, उसाचा आणि दुधाचा पट्टा. दक्षिणेस जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर हा ज्वारी-बाजरीचा कोरडवाहू मुलूख. या कोरडवाहू ताटात पुष्कळ काही आधीपासून होते: हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, पिठले, तुरीचे वरण, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी. महागड्या बदामाची गरज नाही. मूळ आहारात शेंगदाणाही चालतो. बुळबुळीत तंतूंसाठी भेंडी आणि वांगे हे तर त्या कॅनडाच्या यादीतच आहेत. त्यांत आपली गवार, मेथीदाणे, सातू आणि इसबगोल मिळवावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा-वालाची आणि इतर पिकांची गावरान बियाणी जपली आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. त्यांच्या बियाणे बँकेत या आहाराचा पहिला खांबच जपून ठेवलेला आहे, असे आम्ही मानतो.

वनस्पती स्टेरॉलचा खांब मात्र आपल्याकडे पुरा उभा राहत नाही. दोन ग्रॅम स्टेरॉल साध्या अन्नातून मिळत नाहीत. परदेशात ते लोण्यासारख्या पदार्थात मुद्दाम मिसळून विकतात. तेव्हा त्या खांबासाठी गरिबाचे गुण कापणे योग्य नाही. जे दुकानात मिळत नाही ते पाळले नाही म्हणून कोणी दोषी ठरत नाही. मोजमाप करणाऱ्याने हे पहिल्यांदा शिकावे.

येथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते. वनस्पतिजन्य आहार म्हटले की आपल्या समाजात काहींच्या कपाळाला आठी पडते, आणि ती अकारण नाही. शाकाहारी तो उच्च आणि मांस खाणारा तो नीच, हे माप पिढ्यानपिढ्या आपल्या माथी मारले गेले. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. ती वाचली म्हणजे कळते की, जे मिळाले त्यातून जगणे याला केवढे कौशल्य लागत होते. त्या अन्नाची आम्हाला लाज वाटत नाही. आमचे आजचे माप जातीचे नाही, एलडीएलचे आहे. आणि ते किती नि:पक्षपाती आहे पाहा! वनस्पती तुपात तळलेल्या पुऱ्या, बासुंदी, साय आणि बेकरीची खारी असलेले 'शुद्ध शाकाहारी' ताट या मापावर साफ नापास होते. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, वांग्याची भाजी आणि कारळ्याची चटणी असलेले मजुराचे ताट चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते. रविवारी मटण झाले तर त्या दिवसाचे गुण कमी पडतील. माणूस कमी ठरणार नाही.

आणि एखादा आहारनियम सबंध समाजाला पाळता येतो काय, ही शंका निदान आपण तरी घेऊ नये. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्यावेळी तराजू नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. पोटात भूक होती. तरीही गावोगावच्या लोकांनी ते सोडले, कारण ते त्यांना स्वत:च्या सन्मानाचे वाटले आणि सर्वांनी मिळून सोडले. पथ्य एकट्याच्या इच्छाशक्तीवर टाकले की डळमळते. वस्तीने उचलले की टिकते.

मोजण्याचे काम सामान्य माणसाला जमेल काय? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे गावोगावच्या स्त्रिया, त्यांत अनेक निरक्षर आणि दलित कुटुंबांतील, ग्राम आरोग्य सेविका म्हणून तयार झाल्या. त्या मुलांचे वजन घेऊ लागल्या, गरोदर स्त्रियांची तपासणी करू लागल्या. जिला गावाने उंबऱ्याबाहेर उभे केले होते, तिच्या सल्ल्यासाठी गाव तिच्या दारी येऊ लागले. मोजता येणे ही सत्ता आहे, आणि ती डिग्रीवाल्यांची मक्तेदारी नाही, हे जामखेडने दाखविले.

म्हणून आम्ही घरच्या घरी भरता येईल असा एक साधा तक्ता सुचवितो. हा आमचा, शिकण्यासाठी केलेला तक्ता आहे. वैद्यकीय चाचणी नव्हे. रोज पाच ओळी. प्रत्येक ओळीला शून्य, एक किंवा दोन गुण.

१) डाळ, कडधान्य किंवा सोयाबीन: दोन वेळा पोटभर खाल्ले तर दोन, एक वेळ खाल्ले तर एक.

२) शेंगदाणे, जवस, कारळे, तीळ: मूठभर झाले तर दोन, अर्धी मूठ तर एक. मूठ ज्याची त्याने आपली धरावी.

३) भेंडी, गवार, वांगे, मेथीदाणे, सातू, इसबगोल: दोन जेवणांत आले तर दोन, एकात आले तर एक.

४) तेल: घरचे शेंगदाणा, करडई वा सूर्यफूल तेल बेताने वापरले तर दोन, बाहेरचे तळण एकदा झाले तर एक, वनस्पती तूप किंवा पुन:पुन्हा तापविलेले तेल असेल तर शून्य.

५) साय, लोणी, तूप, चरबीचे मांस, बेकरीचे पदार्थ: काहीच नाही तर दोन, थोडे तर एक, भरपूर तर शून्य.

दिवसाचे दहा, आठवड्याचे सत्तर गुण. वाचता न येणाऱ्यांनी कोळशाच्या रेघा ओढाव्यात. पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता केवळ नोंद करावी. ती आपली सुरुवातीची रेघ. पुढे एका वेळी एकच ओळ सुधारावी, राजाच्या घासाप्रमाणे. तुलना शेजाऱ्याशी न करता स्वत:च्या पहिल्या आठवड्याशी करावी. शक्य असेल तर आरंभी आणि तीन महिन्यांनी, एकाच प्रयोगशाळेत, रक्त तपासून घ्यावे. गुण वाढले आणि आकडा उतरला तर उत्तम. गुण वाढूनही आकडा उतरला नाही तर पथ्याला किंवा माणसाला दोष न देता डॉक्टरांकडे जावे. गुणही वाढले नाहीत तर प्रथम हे पाहावे की अडचण कोठे आहे: पैशात, वेळेत, की घरातील एकटीवर पडलेल्या कामात?

तीन सावधगिरीच्या गोष्टी. ज्यांना डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्यांनी तक्त्याच्या भरवशावर ती बंद करू नये. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावा आणि औषधांपासून काही तास दूर ठेवावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डाळी व दाणे वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

अशा गुणांना अर्थ असतो काय, असे कोणी विचारील. अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक परिचारिका व आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आहाराच्या नोंदी सुमारे तीस वर्षे ठेवल्या गेल्या. त्यांना पोर्टफोलिओ आहाराचे गुण देऊन पाहिले असता, सर्वाधिक गुणांच्या गटात हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका सर्वांत कमी गुणांच्या गटापेक्षा १४ टक्क्यांनी कमी आढळला, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्या लोकांनी हा आहार ठरवून घेतला नव्हता. कोणी थोडा, कोणी जास्त, आपापल्या परीने त्याच्या जवळ होता. म्हणजे पूर्ण सत्तर गुण मिळविणाऱ्यांसाठीच हा मार्ग आहे असे नाही. तीसवरून चाळीसवर आलेल्यानेही काही मिळविलेले असते.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला आमचे एक सांगणे आहे. हा तक्ता घेऊन जेव्हा एखाद्या घरी जाल तेव्हा परीक्षक म्हणून जाऊ नका. सुदस्सन ताटाजवळ बसला होता, राजाच्या डोक्यावर नव्हे. आधी आपल्या घरचा तक्ता भरा, त्यातील शून्ये दाखवा, मग दुसऱ्याची विचारा. ज्याने आपली शून्ये दाखविली आहेत त्याच्यासमोर लोक खरे बोलतात. आणि खरे बोलले गेले तरच मोजमापाला किंमत आहे.

पुढील मेळाव्याला येताना प्रत्येक सभासदाने आपल्या घरचा एक आठवड्याचा तक्ता, जसा असेल तसा, बरोबर आणावा, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जय भीम!